बालसंधिवातासाठी निधी गोळा करताय? या चुका टाळा

‘एवढ्याशा पोराला कसला संधिवात?’ देणगी मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो. त्याला उत्तर म्हणून ‘फार भयंकर आजार आहे हो’ एवढंच सांगू नका. वयाच्या सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज, असं सरळ सांगा. उतारवयात गुडघे झिजतात ती गोष्ट वेगळी. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऑपरेशनच्या खर्चासारखा एकच आकडा ठरवणं आणि तो गाठला की मोहीम गुंडाळणं. हा आजार वर्षानुवर्षं चालतो. मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध आठवड्यातून एकदा द्यायचं असतं आणि त्याचा गुण दिसायलाच काही आठवडे जातात. तेवढ्याने भागलं नाही, तर बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे सूज आणणारे ठरावीक घटक अडवणारी औषधं, लागतात आणि ती फार महाग असतात. शिवाय रक्ताच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी चालूच. बरेच डोस वजनावर ठरतात, त्यामुळे मूल वाढलं की खर्चही वाढतो आणि गेल्या वर्षीचा हिशेब पुरत नाही. पैसे संपून औषध मध्येच थांबलं, तर सूज परत येऊ शकते. एकदा झिजलेला सांधा मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून एका मोठ्या देणगीदाराच्या मागे धावण्यापेक्षा दरमहा थोडं थोडं देणारी माणसं जोडा. माझं स्पष्ट मत आहे, दहा मुलांना दोन महिने मदत करण्यापेक्षा दोघांची वर्षभराची सोय लावावी.

अंदाजपत्रकातून हमखास सुटतात ते डोळे. या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते. बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रारही करत नाही, आणि नजर मात्र जात राहते. ही सूज स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या प्रकाशझोताच्या सूक्ष्मदर्शकाच्या, तपासणीतच कळते. जास्त धोका असलेल्या मुलांची ही तपासणी दर 3 महिन्यांनी व्हावी लागते. ती वेगळ्या डॉक्टरांकडे होते, म्हणून यादीत येतच नाही. तिचा वेगळा रकाना करा.

केविलवाणे फोटो लावू नका. सकाळी जिला टूथब्रशभोवती मूठ वळवता येत नाही, तीच मुलगी गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर फ्रॉकची बटणं स्वतः लावते आणि दुपारी खेळायला पळते. फक्त सकाळचा फोटो पाहून पैसे दिलेल्या माणसाने तिला दुपारी पाहिलं, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. सांधे सकाळी आखडलेले असतात आणि हालचालीने मोकळे होतात, हे आधीच सांगून ठेवा. फोटो वापरायचाच असेल तर आईवडिलांबरोबर मुलालाही विचारा. पंधराव्या वर्षी तो फोटो त्याच्याच वर्गात फिरणार आहे.

सकाळी सांधे आखडलेले असतात हेच विसरून आम्ही एकदा निधीसाठी पहाटे सहाला चालण्याचा कार्यक्रम ठेवला होता. ज्यांच्यासाठी चालायचं, ती मुलं वडिलांच्या खांद्यावर बसून आली. आता कार्यक्रम संध्याकाळी असतो, अंतराची सक्ती नसते आणि बसून करण्यासारखी कामं मुलं आपणहून मागून घेतात.

‘तुमच्या देणगीने हे मूल कायमचं बरं होईल’ असं कधीही लिहू नका. काहींचा आजार शांत होतो, काहींचा मोठेपणीही सोबत राहतो. आजार आटोक्यात राहील, मूल शाळेत जाईल, एवढं वचन पुरेसं आहे आणि ते खरं आहे.

कुणी उरलेली इंजेक्शनं देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. बायोलॉजिक औषधं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. मधल्या वाटेत ती तापली की गोठली, ते आपल्याला कळत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी पाहून औषध दुकानाचं बिल थेट भरा आणि पावती जपून ठेवा.

एवढं करूनही वर्षाच्या मध्येच गंगाजळी आटायला लागली, तर शेवटच्या इंजेक्शनपर्यंत थांबू नका. निदान दीड-दोन महिने आधी आईवडिलांना आणि डॉक्टरांना कळवा. लाजेपोटी गप्प राहिलं की घरची माणसं औषध पुरवून वापरू लागतात, दोन डोसमधलं अंतर परस्पर वाढवतात. वेळेत कळलं तर डॉक्टर दुसरा पर्याय पाहू शकतात.