क्लाउड स्टोरेजची ॲक्सेस पॉलिसी लिहिताय? या चुका टाळा

फाइल उघडत नाही, स्क्रीनवर ४०३ ॲक्सेस डिनाइड (परवानगी नाही), आणि मागचं सगळं काम अडलेलं. अशा वेळी बहुतेक टीममध्ये एकच उपाय केला जातो: पॉलिसीत, म्हणजे कुणाला काय करता येईल या नियमांत, ॲक्शनमध्ये (काय करायचं) 'एस३:*', रिसोर्समध्ये (कशावर) '*', म्हणजे ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सेवेत सगळं खुलं. फाइल उघडते, तिकीट बंद होतं आणि तो स्टार पॉलिसीत तसाच राहून जातो. पुढे त्याला कुणी हात लावत नाही, कारण काढला तर काय बंद पडेल हे कुणालाच सांगता येत नाही.

अशी सैल परवानगी किती महागात पडते हे २०१९ साली कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात दिसलं. हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळाली ती नीट कॉन्फिगर न केलेल्या फायरवॉलमधून. पण नुकसान एवढं मोठं झालं ते त्या फायरवॉलला दिलेल्या रोलमुळे (परवानग्या जोडलेल्या ओळखीमुळे). त्या रोलला बकेटांची (फाइली ठेवायच्या कप्प्यांची) यादी काढता येत होती आणि त्यातल्या फाइलीही वाचता येत होत्या. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. फायरवॉलला ग्राहकांच्या अर्जांच्या फाइली वाचायची गरज काय, हा प्रश्न रोल तयार करतानाच विचारायला हवा होता.

म्हणून माझा आग्रह असा, की नकार नेमका कुठून आला हे कळेपर्यंत पॉलिसीतलं एक अक्षरही बदलू नका. पुढची बरीचशी उदाहरणं ॲमेझॉनच्या एस३ची आहेत. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी निर्णय कसा होतो ते पक्कं करा

कुठेच अलाऊ (परवानगी) नसेल तर नकार. कुठेही स्पष्ट डिनाय (मनाई) असेल तर बाकी काहीही लिहिलेलं असो, नकारच. रोल आणि बकेट एकाच अकाउंटमध्ये असतील तर दोघांपैकी एकाच्या पॉलिसीत अलाऊ असणं पुरतं. अकाउंट वेगवेगळी असतील तर दोन्हीकडे अलाऊ लागतं. यात संस्थेच्या पातळीवरच्या पॉलिसी आणि परमिशन बाउंडरीही आल्या. त्या स्वतः परवानगी देत नाहीत, फक्त कमाल मर्यादा घालतात. एवढं लक्षात असलं की निम्मी झटापट वाचते: डिनाय आडवा येत असेल तर अलाऊ कितीही रुंद केलं तरी ४०३ जाणार नाही.

बकेट वेगळी, बकेटमधल्या फाइली वेगळ्या

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. समजा बकेटचं नाव 'रिपोर्ट्स' आहे. पॉलिसीत ॲक्शन लिहिल्या लिस्टबकेट (यादी काढणं) आणि गेटऑब्जेक्ट (फाइल वाचणं), आणि रिसोर्सचा एआरएन (ॲमेझॉनवरचा पूर्ण पत्ता) म्हणून फक्त 'एआरएन:एडब्ल्यूएस:एस३:::रिपोर्ट्स/*' दिला. वाचायला बरोबर वाटतं, पण लिस्टबकेट ही बकेटवर चालणारी ॲक्शन आहे आणि तिला शेवटच्या '/*'शिवायचा एआरएन लागतो. गेटऑब्जेक्ट, पुटऑब्जेक्ट आणि डिलीटऑब्जेक्ट या फाइलींवर चालतात, त्यांना '/*' लागतो. लक्षणावरून चूक ओळखता येते. नाव माहीत असलेली फाइल उतरते पण यादी येत नाही, तर '/*'शिवायचा एआरएन राहिलाय. यादी येते पण फाइल उतरत नाही, तर '/*' राहिलाय. सिंक कमांडला (दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारी) दोन्ही लागतात. मी तर ही दोन वेगळी स्टेटमेंटच (पॉलिसीतले स्वतंत्र नियम) लिहिते. एकाच स्टेटमेंटमध्ये दोन्ही एआरएन चालतात, पण पुढे कंडिशन (अट) घालायची वेळ आली की गुंता होतो.

याच चुकीतून आणखी एक घोळ होतो. लिस्टबकेटची परवानगी नसताना अस्तित्वातच नसलेली फाइल मागितली, तर एस३ ४०४ (सापडत नाही) देत नाही, ४०३ देतं. फाइल आहे की नाही हेसुद्धा परक्याला कळू नये म्हणून ते तसं ठेवलंय. त्यामुळे परवानगीचा शोध घेण्याआधी फाइलचं नाव, मधले स्लॅश आणि अक्षरांची लहान-मोठी लिपी नीट तपासा. किती तरी 'परवानगीचे' प्रश्न शेवटी नावातल्या चुकीचे निघतात.

कंडिशन: इथे खरी परीक्षा

कंडिशनमध्ये जे लिहिलंय ते आणि जे घडतं ते, यांत सर्वाधिक अंतर पडतं. एक उदाहरण जवळून पाहू. केएमएस (ॲमेझॉनची किल्ल्या सांभाळणारी सेवा) एन्क्रिप्शनशिवाय कुणी फाइल चढवू नये म्हणून डिनाय लिहिला जातो: पुटऑब्जेक्टला नकार, जर एन्क्रिप्शनचा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) 'एडब्ल्यूएस:केएमएस' नसेल, आणि त्यासाठी ऑपरेटर (तुलनेची पद्धत) स्ट्रिंगनॉटइक्वल्स, म्हणजे 'सारखा नसेल तर'. बकेटचं डीफॉल्ट एन्क्रिप्शन केएमएसच आहे, त्यामुळे हेडर न पाठवताही फाइल केएमएसनेच एन्क्रिप्ट झाली असती. तरी अपलोड अडतं. का? 'नॉट' वर्गातला ऑपरेटर, अटीतली 'की' (विनंतीतली जी गोष्ट तपासायची ती, इथे हेडर) गैरहजर असली तरी खरा ठरतो. विनंतीत हेडरच नाही, म्हणजे तो 'केएमएस' नाही, म्हणजे डिनाय लागू. ऑपरेटरच्या शेवटी इफएक्झिस्ट्स जोडून हे सुटत नाही, कारण ती 'की' नसताना तोही खराच धरला जातो. उपाय असा: त्याच कंडिशन ब्लॉकमध्ये नल ऑपरेटर घाला, त्याच हेडरसाठी, आणि त्याची किंमत 'फॉल्स' ठेवा. आता अर्थ होतो: हेडर आलाय आणि तो केएमएस नाही, तरच नकार. एका ब्लॉकमधल्या वेगवेगळ्या अटी 'आणि'ने जोडल्या जातात, म्हणून हे जमतं.

उलटी चूकही तितकीच नेहमीची आहे. एस३:प्रिफिक्स ही की यादी मागणाऱ्या विनंतीत येते, गेटऑब्जेक्टच्या विनंतीत येत नाही. गेटऑब्जेक्टच्या अलाऊला ही अट लावली तर ती कधीच जुळत नाही आणि परवानगी कागदावरच राहते. एखाद्या फोल्डरपुरतं वाचन द्यायचं असेल तर फोल्डर एआरएनमध्ये लिहा: 'रिपोर्ट्स/मासिक/*'. प्रिफिक्सची अट फक्त लिस्टबकेटला लावा. फॉरऑलव्हॅल्यूज (एका कीच्या सगळ्या किमती तपासणारा ऑपरेटर) याचंही भान ठेवा: ती 'की' आलीच नाही तरी तो अट खरी मानतो, त्यामुळे अलाऊमध्ये तो एकटा कधीच वापरू नये.

स्वतःलाच बाहेर काढणारा डिनाय

'ऑफिसच्या आयपीवरून नसेल तर सगळं बंद', अशी पॉलिसी मोठ्या विश्वासाने लावली जाते. पण व्हीपीसी एंडपॉइंटमधून (ॲमेझॉनवरच्या तुमच्या खासगी नेटवर्कच्या दारातून) येणाऱ्या विनंतीत पब्लिक सोर्स आयपी नसतो. नॉटआयपीॲड्रेस हाही 'नॉट' वर्गातलाच, त्यामुळे तुमचे स्वतःचे सर्व्हर बाहेर पडतात. अशा विनंत्यांसाठी सोर्सव्हीपीसीई किंवा व्हीपीसीसोर्सआयपी या कीज आहेत. डिनायमध्ये ॲक्शन 'एस३:*' असेल तर पॉलिसी दुरुस्त करायची परवानगीही त्यात जाते, आणि ॲडमिनलाही काही करता येत नाही. तेव्हा घाबरून जाऊ नका: बकेट ज्या अकाउंटची आहे त्याच्या रूट युजरला बकेट पॉलिसी काढून टाकता येते. पण ही वेळ येऊच नये म्हणून असा डिनाय डेटाच्या ॲक्शनपुरता ठेवा, पॉलिसी बदलणाऱ्या ॲक्शन त्यात घेऊ नका.

बकेट पॉलिसी बरोबर, तरी नकार

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं इथे फार होतं. फाइल केएमएसच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर वाचणाऱ्याला गेटऑब्जेक्टबरोबर केएमएस:डिक्रिप्टही (एन्क्रिप्शन उलगडायची परवानगी) लागतं. लिहिणाऱ्याला जनरेटडेटाकी (फाइलसाठी किल्ली बनवायची परवानगी) लागतं. मोठी फाइल तुकड्यांत चढत असेल तर लिहिणाऱ्यालाही डिक्रिप्ट लागतं. म्हणूनच लहान फाइली चढतात आणि मोठ्या अडतात असा विचित्र अनुभव येतो. दुसऱ्या अकाउंटला वाचायला द्यायचं असेल तर किल्लीच्या पॉलिसीतही त्याचं नाव हवं. ॲमेझॉनने सांभाळलेल्या 'एडब्ल्यूएस/एस३' किल्लीची पॉलिसी बदलता येत नाही, त्यामुळे तिथे स्वतःची किल्ली करण्याला पर्याय नाही.

लहान वाटणाऱ्या, पण दिवस खाणाऱ्या

पॉलिसीतलं व्हर्जन म्हणजे तुम्ही पॉलिसी लिहिल्याची तारीख नव्हे. तिथे '२०१२-१०-१७' हेच हवं. ते गाळलं तर जुनं २००८ चं व्हर्जन धरलं जातं आणि युजरनेमसारखे व्हेरिएबल साधा मजकूर म्हणून वाचले जातात.

'ऑथेंटिकेटेड युजर्स' म्हणजे आपल्या कंपनीतले लॉगिन झालेले लोक नव्हेत. ॲमेझॉनच्या एसीएलमध्ये (परवानगी द्यायची जुनी पद्धत) त्याचा अर्थ जगातलं कुठलंही ॲमेझॉन अकाउंट, आणि गूगलच्या ऑलऑथेंटिकेटेडयुजर्समध्ये कुठलंही गूगल अकाउंट. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटांना ब्लॉक पब्लिक ॲक्सेस आधीच चालू आणि एसीएल बंद असतात, पण त्याआधीच्या बकेटा तुम्हालाच तपासाव्या लागतील.

रोल डिलीट करून त्याच नावाने पुन्हा केला, तर जुनी बकेट पॉलिसी त्याला ओळखत नाही. आतून ती रोलच्या युनिक आयडीला बांधलेली असते. पॉलिसीत नावाऐवजी 'एआरओए'ने सुरू होणारी अक्षरांची माळ दिसली की हेच झालंय. प्रिन्सिपल (पॉलिसीतला 'कुणाला' हा भाग) पुन्हा लिहून सेव्ह करा.

ॲझ्युअरमध्ये स्टोरेज अकाउंटचा ओनर असणं म्हणजे त्यातले ब्लॉब (फाइली) वाचायची परवानगी असणं नव्हे. एंट्रा आयडीने (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेने) वाचायचं तर स्टोरेज ब्लॉब डेटा रीडरसारखा डेटाचा रोल वेगळा द्यावा लागतो, आणि तो लागू व्हायला १० मिनिटांपर्यंत लागू शकतात. गूगलमध्येही बदल पोहोचायला काही मिनिटं जातात. त्या मिनिटांत धीर सोडून लोक आणखी परवानग्या टाकतात, आणि मग नेमकी कशाने कामं सुरू झाली ते कळत नाही.

शोध कसा घ्यावा

पहिली कमांड गेटकॉलरआयडेंटिटी. आपण कोणत्या रोलने बोलतोय हे आधी कळू द्या. लॅपटॉपवर जुनी प्रोफाइल चालू असणं अगदी नित्याचं आहे. मग एररचा संदेश शेवटपर्यंत वाचा. अनेकदा त्यात नकार स्पष्ट डिनायचा की अलाऊ नसल्याचा, आणि कोणत्या प्रकारच्या पॉलिसीतला, हे लिहिलेलं असतं. तेवढ्याने भागलं नाही तर क्लाउडट्रेल (ॲमेझॉनची घडामोडींची नोंदवही) उघडा, पण फाइल वाचल्या-लिहिल्याच्या नोंदी त्यात आपोआप येत नाहीत. डेटा इव्हेंट आधी चालू करावे लागतात, त्याचे पैसे पडतात, म्हणून निदान महत्त्वाच्या बकेटांसाठी तरी ते आधीच चालू ठेवा. नवी पॉलिसी लावण्याआधी ॲक्सेस ॲनालायझरच्या (ॲमेझॉनचं पॉलिसी तपासणारं साधन) तपासणीतून काढा.

आणि चाचणी दोन्ही बाजूंनी घ्या. ज्याला परवानगी दिली त्याच्या रोलने फाइल उतरवून बघा. मग त्याच रोलने शेजारच्या फोल्डरमधली फाइल मागून बघा, आणि आधीची फाइल दुसऱ्या रोलने आणि कुठलीच ओळख न देता कर्लने (कमांडवरून विनंती पाठवणारं साधन) मागून बघा. या तिन्हींना ४०३ आला की मगच तिकीट बंद करा.