डाग एकीकडे, भोक दुसरीकडे: घरदुरुस्ती करताना या चुका टाळा

वळवाची पहिली सर आली की आमच्या बेळगावात अनगोळ, वडगाव, शहापूर, सगळीकडून एकच फोन येतो: "काकू, तुमचा तो मिस्त्री मोकळा हाय काय ओ?" नाही. मे संपताना चांगला मिस्त्री मोकळा नसतो, आणि जो मोकळा असतो तो का मोकळा आहे याचा जरा विचार करा. गच्चीचं काम दिवाळी ते होळी या काळात उरकायचं. स्लॅब कोरडा लागतो. ओल्यावर गळती रोखायचं केमिकल मारलं की आतली वाफ फोड काढते आणि थर पापुद्र्यासारखा हातात येतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. छतावर जिथे डाग दिसतो, त्याच्या बरोबर वर गळती आहे असं धरून चालणं.

आमच्या घरी पंख्याच्या हुकाभोवती डाग पडला. ठेकेदार आला, मान वर करून बघितलं, जिना चढला, पंख्याच्या वर येईल तेवढी जागा पावलांनी मोजली आणि म्हणाला, "वैनी, दोन हात मारतो, विषय संपला." अठरा हजार घेतले. पांढरा थर बसला, गच्ची देखणी दिसायला लागली. पुढच्या पावसात डाग परत हजर. त्याने पुन्हा एक हात मारला, वर सहा हजार घेतले. मग आला २०१९ चा ऑगस्ट. आमच्या जिल्ह्यात त्या पावसाने किती घरं पडली हे सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे आमच्या पंख्याखालच्या बादलीचं रडगाणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. वायरिंगच्या पाइपातून थेंब थेंब पाणी, खोलीची वीज बंद, आणि ठेकेदाराचा फोन बंद.

हिवाळ्यात खानापूरकडचे एक म्हातारे मिस्त्री आले. केमिकलचं नावही काढलं नाही. म्हणाले, "आधी पाणी द्या." गच्चीवर मातीचे बांध घालून छोटी आळी केली आणि एका दिवशी एकच आळं भरलं. आधी पन्हाळाच्या तोंडाशी, मग उताराच्या वरच्या बाजूला सरकत. तिसऱ्या दिवशी कठड्याच्या कोपऱ्यातलं आळं भरलं आणि संध्याकाळी पंखा ठिबकला. पंख्यापासून तो कोपरा अकरा फुटांवर! कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेली सिमेंटची गोलाई, फुटला होता. पाणी तिथून कोब्याखाली, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थराखाली, शिरायचं, उतार धरून वाहत यायचं आणि वायरिंगच्या पाइपात वाट मिळाली की खाली उतरायचं. वाटा फोडून नवा केला. दीड दिवसाचं काम.

म्हणून माझी सवय अशी: भोक सापडल्याशिवाय कुणाला डबा उघडू द्यायचा नाही. आणि काम झाल्यावर पन्हाळ बंद करून दोन इंच पाणी ४८ तास कोंडायचं, खाली छत बघत राहायचं. पाण्याचा भार दर चौरस फुटाला पाच किलोपेक्षा थोडा कमीच होतो, धड स्लॅबला तो जड नाही. छताची सळी उघडी पडली असेल तर मात्र पाणी कोंडू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

दुसरी चूक पैशांची. निम्मा ॲडव्हान्स हातावर ठेवायचा आणि मग "माणूस येत नाही" म्हणून गल्लीभर सांगत फिरायचं. येईल कशाला? तुमच्या पैशांनी तो दुसऱ्याचं अर्धवट काम पुरं करत असतो. मी सिमेंट-वाळू स्वतः दुकानातून आणते, मजुरीचा हिशेब दर शनिवारी, झालेल्या कामापुरता. शेवटचे वीस टक्के पाणी कोंडून बघितल्यावर. काही जण कबूल होत नाहीत. त्यांना चहा पाजून वाटेला लावते. पण शनिवारी बाजार असतो, गड्यांना घरी पैसे न्यायचे असतात. त्या दिवशी "बघूया की सोमवारी" म्हणणारे मालकही मी पाहिलेत, आणि त्यांच्या भिंतीही.

"नाळे बरतेव री, अक्का" (उद्या येतो, ताई) असं गडी कानडीत म्हणाले तर त्याला वार समजू नका. आयतवार की सोमवार, नक्की बोलून घ्या. अमावास्या कधी, सौंदत्तीची जत्रा कधी, हेही आधीच विचारा. त्या दिवसांत गडी येणार नाहीत, आणि त्यावरून भांडणारा मालक मूर्ख.

बाकीच्या भराभर सांगते. काम उक्तं (सगळं मिळून एक रक्कम) की मजुरीवर, हे पहिल्या दिवशीच कागदावर घ्या. प्लास्टर मोजताना खिडक्या-दारं वजा होणार का, फोडलेलं डबर कोण उचलणार, हेही त्याच कागदावर. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं परत करा, आपल्या दमट हवेत तर नक्कीच. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. आणि ते स्वतः मारा. गडी मारेल ही आशा सोडा. ओल्या भिंतीवर पुट्टी नको, पोपडे निघतात. भिंतीत पाइप गेले की प्लास्टरच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फसलातच तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे पावती, कागद, निदान ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद तरी दाखवावी लागते. मी चोवीस हजार रोख दिले होते, आणि माझ्याकडे होता कॅलेंडरच्या मागे लिहिलेला एक फोन नंबर.