"भाऊ, अस्साच करून द्या": लेथवर जुना पार्ट बनवून घेताना या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कातणारं यंत्र) थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच. गिऱ्हाइकाच्या हातात काटोलकडच्या जिनिंगचा झिजलेला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) असतो, नाहीतर मौद्याच्या राइस मिलचा तुटका शाफ्ट (फिरणारा दांडा). यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, व्हर्नियर (माप घेण्याची सरकती पट्टी) लावतो, दिसेल ते माप घेतो आणि झिजलेल्या पार्टची हुबेहूब नक्कल नवीकोरी करून देतो.

मूळ माप जिथे काही घासत नाही तिथे शोधायचं. बेअरिंगच्या जागी शाफ्ट २४.९१ मिमी भरला म्हणून तेवढाच करायचा नसतो. बेअरिंगचा नंबर वाचा: ६२०५ असेल तर आतला व्यास २५ मिमी (०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं). शाफ्ट २५ हून काही मायक्रॉन जास्तच हवा. नऊ शतांश मिमी कमी ठेवला तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरू लागते आणि नवा शाफ्ट पुन्हा लेथवर येतो.

शाफ्ट तुटला असेल तर तुटलेलं तोंड पुसून उजेडात बघा. एका बाजूने गुळगुळीत, त्यावर कमानीसारख्या रेघा आणि उरलेला भाग खरखरीत, असं दिसलं की तो एका दिवसात तुटलेला नाही. चीर हळूहळू वाढत गेली. सुरुवात बहुतेक वेळा पायरीच्या, म्हणजे शाफ्टची जाडी बदलते तिथल्या, कोपऱ्यातून. नव्या शाफ्टला टोकदार टूलने काटकोनी कोपरा काढू नका, रेडियस (गोलाई) ठेवा. फक्त तो बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा लहान हवा, नाहीतर बेअरिंग पायरीला टेकणारच नाही.

गिअरमध्ये सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. जुनी विलायती यंत्रं इंचात, आपले कटर मॉड्यूलचे (दात्याचं मिमीतलं माप). ४० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास १३३.३५ मिमी आला, तर त्याला दाते अधिक दोन, म्हणजे ४२ ने भागा. उत्तर ३.१७५ येतं; एका इंचाच्या २५.४ मिमीला त्याने भागलं की ८, म्हणजे तो ८ डीपीचा (व्यासाच्या दर इंचाला आठ दाते) गिअर आहे. "३ मॉड्यूलचा कटर आहे, चालून जाईल" असं कोणी म्हणालं तर पार्ट उचलून घरी या. दर दात्यामागे अर्ध्या मिमीहून जास्त फरक पडतो. कटर निवडतानाही घोळ होतो: डीपीच्या संचात ३५ ते ५४ दात्यांचा कटर ३ नंबरचा, मॉड्यूलच्या संचात सहसा क्रम उलटा, म्हणून तोच ६ नंबरचा. नंबरावर जाऊ नका, कटरवर कोरलेला दात्यांचा पल्ला वाचा.

आट्यांचंही तसंच. चार सुती (अर्धा इंची) बोल्टला जुन्या ब्रिटिश मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन मापात १३. हाताने दोन फेरे जातात, मग अडतो, मग कोणीतरी पान्याला पाइप लावतो. पिच गेज (आटे ओळखायच्या दातेरी पट्ट्या) लावायला मिनिटही लागत नाही.

"जरा मजबूत माल लावा" हा आग्रह तर फारच महागात पडतो. शिअर पिन (जास्त भार आला की तुटणारी खीळ) मुद्दाम कमजोर असते. जाम झालं की तिने तुटायचं आणि गिअरबॉक्स वाचवायचा. तिथे ईएन २४ (कणखर मिश्र पोलाद) घातलं की पिन वाचते आणि दाते जातात. बुशचंही तेच: गनमेटलच्या (तांब्याचा मऊ मिश्रधातू) जागी स्टील लावलं की महागडा शाफ्ट खरवडून निघतो. बुश दाबून बसवला की त्याचा बोअर (आतलं भोक) आवळतो, म्हणून भोक नेमक्या मापाला आणणारं शेवटचं रीमर बुश बसवल्यानंतरच फिरवा.

आणि मे महिन्यातलं नागपूर! पत्र्याच्या शेडमध्ये, कट संपल्या संपल्या माप घेऊ नका. १०० मिमीचा स्टीलचा जॉब ४० अंशांनी तापला की साधारण साडेचार शतांश मिमी फुगतो. चहा घेऊन या, मग मायक्रोमीटर लावा.

ब्रेक, स्टिअरिंग, उचलण्याचे हुक या कामांना मात्र लेथवाल्याला गळ घालू नका. तो नाही म्हणाला तर तो चांगला टर्नर आहे. बाकी पार्ट करून घेताना दोन नग सांगा. एकदा सेटिंग लागलं की दुसरा स्वस्तात पडतो. मापांचा कागद यंत्राच्या पॅनेलमध्ये चिकटवून ठेवा.