मे महिन्यातलं खारं पाणी, क्षार आणि वळवाचा पाऊस

सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, मंगळवेढा भागात बोअर खाली गेलेत, आणि उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारं होतंय. अशा वेळी डाळिंबाची, द्राक्षाची पानं कडेनं करपली की संशय जातो तो रोगावर किंवा पालाशाच्या कमतरतेवर. खरं कारण बऱ्याचदा पाण्यातले क्षार असतात, तरी म्युरेट ऑफ पोटॅशची पिशवी येते. त्यात जवळपास निम्मं क्लोराईड असतं, म्हणजे आगीत तेलच. पालाश द्यायचंच असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या.

आधी पान बघा. क्षारांचा त्रास जुन्या पानांवर दिसतो. टोक आणि कडा वाळतात आणि करपा आत सरकतो. शेंड्याची नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात नेहमीची. पालाश कमी पडलं तरी जुन्याच पानांच्या कडा जळतात, आणि सोडियम वाढला की पालाश उचललंही जात नाही. म्हणून देठ तपासणीला देताना सोडियम आणि क्लोराईडही मोजायला सांगा.

दुसरी खूण म्हणजे वापसा, म्हणजे मातीत पुरेशी ओल, असूनही झाड दुपारी मान टाकतं. क्षारांमुळे मुळांना ओल ओढता येत नाही. तिथं पाणी वाढवण्याआधी ईसी (क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता) मोजा. पेरं आखडतात, पान लहान राहतं, फळ फुगत नाही. संपृक्त अर्काचा (माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचा) ईसी 1.5 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की द्राक्षाचं उत्पादन घटू लागतं; डाळिंब त्याहून जास्त सोसतं. बऱ्याच प्रयोगशाळा 1:2.5 द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) मोजतात, तिथं आकडा कमी येतो. अहवाल हातात आला की पद्धत विचारून घ्या.

आता वळवाच्या पावसाचं. ठिबकनं क्षार ड्रिपरखालच्या ओल्या भागाच्या कडेला ढकलले जातात. तिथली पांढरी कड नजरेला पडते. हलकी सर आली की ते क्षार परत मुळांपाशी उतरतात, आणि नेमकं तेव्हाच आपण पाऊस आला म्हणून मोटर बंद करतो. भुरभुर पावसात ठिबक चालूच ठेवा. चांगला भिजवणीचा पाऊस झाला की मग बंद करा.

खारवट जमिनीचे क्षार पाण्यानं धुऊन निघतात, पण पाण्याला वाट हवी. काळ्या रानात चर न काढता पाणी सोडलं तर डाळिंबाला मर रोग लागायला वेळ लागत नाही. चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीला जिप्सम लागतं, मात्रा माती तपासणीवरून. ओळखायला घरचा उपाय आहे: वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. काही तासांनी भोवती दुधाळ गढूळ वलय पसरलं तर जमीन चोपणाकडे झुकलीय. बोअरच्या पाण्यात हा प्रयोग फसतो.

ॲसिड सोडल्यानं ड्रिपर मोकळे होतात, क्षार कमी होत नाहीत. क्षार घालवतं म्हणून पाइपाला बसवायचं चुंबकी यंत्र विकायला कुणी आलं, तर यंत्राआधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा ईसी समोर मोजून दाखवा म्हणावं.

पाण्याचा नमुना मोटर अर्धा तास चालल्यावर, त्याच पाण्यानं विसळलेल्या बाटलीत घ्या. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा डाळिंबाचा बहार) धरायचा असेल तर अहवाल ताण तोडण्याआधी, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करण्याआधी, हातात हवा.