कानाच्या मशीनचा आवाज बारीक होत बंद पडला: कारण होतं मळाची जाळी

आईच्या उजव्या कानाच्या मशीनचा आवाज चार दिवसांत बारीक होत बंदच पडला. झिंक-एअर सेल (हवा लागल्यावर चालू होणारा) बदलला, त्याचं स्टिकर काढून मिनिटभर थांबलोही. आवाज वाढवला, डोम (कानात जाणारी मऊ टोपी) पुसला. आमच्या बोलण्यावर ती नुसतीच मान डोलवायची, ते बघवत नव्हतं.

दोष निघाला मळाच्या जाळीत. स्पीकर कानाच्या आत बसतो त्या प्रकारात स्पीकरच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी जाळी असते. मळ तिथे अडतो, आणि डोम काढल्याशिवाय ती नीट दिसत नाही.

आधी सेलचं दार उघडून मशीन बंद केलं आणि डोम ओढून काढला. नव्या जाळीच्या काडीला दोन टोकं असतात. रिकामं टोक जुन्या जाळीत सरळ दाबून सरळच बाहेर ओढलं. जाळी सोबत आली. काडी उलटी करून नवी जाळी घट्ट दाबली, काडी काढून घेतली. इथे सुई अजिबात घालू नका, स्पीकर बिघडतो. डोम पक्का बसवला, नाहीतर तो कानातच राहू शकतो. मशीन चालू करून मुठीत धरलं, शिट्टी वाजली, म्हणजे आवाज परत आला.

जाळी कंपनीप्रमाणे वेगळी असते, आपल्या मॉडेलचीच मागा.