रोज चित्र काढायची सवय कशी लावावी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात. स्थिरचित्रातला तांब्या आणि मागचा पडदा, स्मरणचित्रातली बसस्टॉपवरची रांग सगळ्यांना आठवते. मग दहावी आली आणि चित्रकला सुटली ती सुटलीच. तिशी-चाळिशीत पुन्हा हात शिवशिवायला लागतात. छानशी स्केचबुक आणि पेन्सिलींचा डबा घरी येतो, चार पानं उत्साहात भरतात आणि पाचवं कोरं राहतं. मी त्या पाचव्या पानाशी तीनदा थांबले आहे. चौथ्यांदा पुढे गेले, ते खाली सांगते आहे त्या क्रमाने.

पहिलं काम, ती महागडी स्केचबुक कपाटात ठेवून द्या. जाड, शुभ्र कागद समोर आला की हात आखडतो, कारण पान वाया जाईल ही धास्ती असते. त्याऐवजी पाठकोरे कागद घ्या. ऑफिसातले, मुलांच्या जुन्या प्रोजेक्टचे, कुठलेही चालतील. चिमटा लावून पुठ्ठ्यावर अडकवा. सोबत एक २बी पेन्सिल पुरे. एचबीपेक्षा ती मऊ असते, हलक्या दाबानेही गडद उमटते आणि छटाही बऱ्यापैकी देते. खोडरबर पहिला महिनाभर जवळ ठेवूच नका. रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी ओढा. खोडत बसलं की दहा मिनिटांतली सात त्यातच जातात आणि चिडचिड होते ती वेगळीच.

मग जागा ठरवा. हा पुठ्ठा खणात गेला की संपलं. तुमचा चहा जिथे होतो तिथे, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. वेळही घड्याळावर ठरवू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला जोडा. माझा सराव सकाळच्या चहाला जोडलेला आहे. चहा उकळायला ठेवला की पेन्सिल हातात. उतू जाऊ नये म्हणून लक्ष अर्धं गॅसकडेच असतं, आणि त्यामुळे उलट हात मोकळा राहतो, हे मला फार उशिरा कळलं.

वेळ किती द्यायचा? पाच मिनिटं. खरंच पाचच. चित्र काढावंसं वाटलं की आपण बसू, असं आपण धरून चालतो. बहुतेक दिवशी होतं उलटं: चार रेघा ओढल्या की मन लागतं. म्हणून त्या चार रेघा कशा ओढल्या जातील एवढंच बघायचं. मन रमलं तर अर्धा तास बसा, नाही रमलं तर पाच मिनिटांनी उठा आणि तो दिवस पूर्ण झाला असं समजा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो प्रश्न: आज काय काढू? याचं उत्तर महिन्याच्या सुरुवातीलाच देऊन टाका. एकच वस्तू निवडा आणि महिनाभर तीच काढा. मी स्टीलचा पेला घेतला होता. पहिला आठवडा कंटाळ्यात गेला. मग एका सकाळी दिसलं की पेल्याचं तोंड मी लंबगोल काढते, पण तळाची रेघ मात्र पट्टीने मारल्यासारखी सरळ. तळ टेबलावर सपाट टेकलेला आहे हे डोक्याला माहीत असतं, त्यामुळे हात तसंच काढतो. खरं तर पेला टेबलावर असताना त्याचा तळ तोंडापेक्षा आपल्या नजरेच्या आणखी खाली असतो, म्हणून तळाचा बाक तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाईचा दिसतो. पेला हळूहळू वर उचलून पाहा. तोंडाची कड बारीक होत जाते आणि नजरेच्या पातळीला आली की सरळ रेघ बनते. हे दिसलं त्या दिवशी मी एका बैठकीत अकरा पेले काढले. अशी एखादी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी सापडली की दुसऱ्या दिवशी बसण्यासाठी वेगळी मनधरणी करावी लागत नाही.

वस्तूचा कंटाळाच आला तर खिडकीबाहेर बघा. आर. के. लक्ष्मण आयुष्यभर कावळे काढत राहिले, आणि कावळा तर आपल्या प्रत्येकाच्या कठड्यावर येतो. तो स्थिर बसत नाही, त्यामुळे फक्त पाठीची रेघ आणि चोचीची दिशा पकडायची. लोकलमध्ये डुलक्या घेणारी माणसंही सरावाला उत्तम. तिथे खिशातली छोटी डायरी आणि बॉलपेन न्या.

प्रत्येक कागदावर तारीख टाका आणि कागद एका फाइलमध्ये लावत जा. महिना संपेपर्यंत मागचे उलटून बघू नका. रोज बघितलं तर फरक दिसत नाही, महिन्याने पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवले की दिसतो. दाखवायचंच असेल तर एकाच माणसाला दाखवा, तेही जो स्वतः काहीतरी शिकतो आहे अशाला. मोबाइलवर दुसऱ्यांची पूर्ण झालेली चित्रं सरावाच्या आधी बघू नका. बघायची तर नंतर, मनसोक्त.

‘आता या वयात’ हा विचार आला, तर व्हॅन गॉगची तारीख लक्षात ठेवा. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं ते १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, आणि सुरुवात केली ती छापील नमुन्यांच्या नकला करत. नक्कल करण्यात कमीपणा नाही. डोकं थकलेलं असेल त्या दिवशी आवडत्या चित्राची नक्कल हा चांगला सराव असतो.

खंड पडणारच. घरात आजारपण येतं, पाहुणे येतात, मार्चअखेर येतो. राहिलेले दिवस भरून काढायच्या भानगडीत पडू नका. आठ दिवसांची आठ चित्रं एकदम काढायची ठरवली की नववा दिवसही जातो. नवा कागद अडकवा, आजची तारीख टाका आणि पेल्याच्या तोंडाचा लंबगोल काढा.