माकडांचं बचाव केंद्र चालवायचं असेल तर

माकड बंदिवासात 25-30 वर्षं जगू शकतं. त्यामुळे अडचणीतल्या माकडाबद्दल फोन आला की केंद्राच्या संचालकाने दोन प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे शोधायला घ्यायची: हे माकड बरं झाल्यावर परत कुठे जाणार, आणि जाऊ शकलं नाही तर कुणासोबत राहणार? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसताना प्राणी घेत गेलं, की काही वर्षांत एकेकट्या पिंजऱ्यांची रांग उभी राहते. एकटं पडलेलं माकड डोलत राहतं, स्वतःचे केस उपटतं, स्वतःच्याच हाताला चावतं. असं केंद्र चांगलं म्हणता येत नाही, मग तिथे औषधोपचार कितीही उत्तम होवोत.

आधी कागदपत्रं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे वनविभागाला कळवल्याशिवाय आणि पंचनाम्याशिवाय प्राणी ताब्यात ठेवू नका. कायमस्वरूपी बचाव केंद्राला केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची (ना-नफा) कंपनी म्हणून नोंदवता येते. देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता घ्याच, आणि निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय पहिला प्राणी घेऊ नका.

या कामाला येणारे बहुतेक जण पशुवैद्यकीय पदवी घेऊन येतात किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी वन्यजीवशास्त्र शिकून. पशुवैद्य नसलात तरी संचालक होता येतं, पण पूर्णवेळ पशुवैद्य हाताशी हवाच. पदवी कोणतीही असो, आधी एखाद्या केंद्रात कीपर म्हणून काम करा. कळपातलं प्रत्येक माकड चेहऱ्यावरून ओळखता येणं आणि काल खाणारं आज का खात नाही हे लक्षात येणं, हे पिंजरे धुता धुताच अंगवळणी पडतं.

जात ओळखण्यात चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. महाराष्ट्रात लाल तोंडाच्या माकडांत दोन जाती आढळतात. ऱ्हीसस मूळचं उत्तरेकडचं. बॉनेट फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आढळतं, महाराष्ट्रातही, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस आणि लांब शेपूट ही त्याची खूण. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असल्याने बॉनेटचा मुलूख आक्रसतो आहे. म्हणून उत्तरेतून आणलेलं ऱ्हीसस कोकणात किंवा सह्याद्रीत सोडणं हा अपराध समजा. काळ्या तोंडाचं वानर तर वेगळंच प्रकरण आहे. त्याच्या कप्पेदार पोटात पाला आंबवून पचतो. बिस्किटं, चपाती, गोड फळं दिली की तिथे आम्ल आणि वायू साठून ते दगावू शकतं. त्याला रोज ताजा पाला हवा: वड, पिंपळ, उंबर, शिरीष. लाल तोंडाच्या माकडांना भाज्या, मोड आलेली कडधान्यं, थोडी फळं द्या, आणि पेरू किंवा आवळा विसरू नका, कारण माकडाचं शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. अंधाऱ्या खोलीत साखळीला बांधून वाढवलेली पिल्लं बहुधा मुडदूस घेऊनच येतात. त्यांना ऊन आणि कॅल्शियम दोन्ही लागतं.

नवीन आलेल्या माकडाला निदान 30 दिवस वेगळं ठेवा. कळपात मिसळायचं असेल तर त्याहून जास्त. क्षयाची चाचणी पापणीत ट्युबरक्युलिन टोचून करतात आणि 24, 48, 72 तासांनी पापणी पाहतात. सुजून खाली आलेली पापणी म्हणजे धोका. दोन आठवड्यांच्या अंतराने तीन चाचण्या निर्दोष निघाल्याशिवाय कुणाशी गाठ घालू नका. क्षय बहुतेकदा माणसाकडूनच येतो, तेव्हा कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी टाळू नका आणि खोकणाऱ्याला पिंजऱ्याकडे पाठवू नका. चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, मग रेबीजची लस. माकड चावलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, कारण बी-विषाणूचा (लाल तोंडाच्या माकडांत असू शकणारा, माणसाला जीवघेणा ठरू शकणारा विषाणू) विचार त्यांना करावा लागतो. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरी भागात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. तिथे माकडतापाचे (गोचिडींमधून माणसाला होणारा विषाणूजन्य ताप) रुग्ण सापडले आहेत. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात, आणि डिसेंबर ते मे हा काळ जास्त धोक्याचा. आरोग्य विभागाला कळवा.

करंट लागलेलं माकड पहिल्या दिवशी दिसतं त्यापेक्षा जास्त भाजलेलं असतं. आतलं मांस पुढचे तीन-पाच दिवस मरत जातं आणि स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडं अडकतात. म्हणून सलाइन लगेच सुरू करायचं, पण हात किंवा पाय कापण्याचा निर्णय पशुवैद्याला घाईने घ्यायला लावायचा नाही. घाईने कापलं तर पुन्हा वर कापावं लागतं.

अनाथ पिल्लू थंड पडलेलं असेल तर दूध पाजू नका. थंड आतड्यांना ते पचत नाही. आधी ऊब, मग कोमट जलसंजीवनी, मग तान्ह्या बाळांची दूध पावडर, डब्यावरच्या प्रमाणातच. घट्ट केलेल्या दुधाने जुलाब होतात. एका वेळी वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त नको: 400 ग्रॅमच्या पिल्लाला 20 मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लाला उताणं धरू नका. दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. टॉवेलची गुंडाळी द्या, तिला ते चारही हातापायांनी घट्ट मिठी मारेल, डोकं थोडं वर राहील, आणि तसंच पाजा. त्याची पकड सुटली की ते घाबरतं आणि पीत नाही. जितक्या लवकर दुसरं पिल्लू किंवा पिल्लाला जवळ करणारी मादी मिळेल तितकं बरं. माणसाच्या खांद्यावर वाढलेला नर चार-पाच वर्षांचा झाला की त्याच माणसाला फाडतो.

पिंजऱ्याला दोन कप्पे आणि मध्ये बाहेरून ओढता येणारा सरकता दरवाजा हवा, म्हणजे साफसफाईला आत जाताना माकड दुसऱ्या बाजूला राहतं. प्रवेशाला दुहेरी दारं, आणि कडी-कोयंड्यावर भरवसा नाही, कुलूपच. शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांच्या मधे बारीक जाळी लावा. मोठ्या जाळीतून बोटं तुटतात.

कळप बांधणं हेच या पदाचं खरं कसब. दोन-तीन आठवडे जाळीपलीकडून ओळख होऊ द्या. मादी आणि लहान पिल्लं आधी, मोठा नर शेवटी. गाठ सकाळी घालायची, खाणं जागोजाग विखरून, आणि पळायला दोन वाटा असतील अशा ठिकाणी. कोपऱ्यात सापडलेलं माकड मार खातं. ओठ चटचट हलवणं आणि केस विंचरू देणं ही चांगली चिन्हं. दात विचकणारं माकड घाबरलेलं असतं, हसत नसतं. वानरांच्या कळपात तान्ही पिल्लं असताना नवा नर घालू नका. तो ती मारू शकतो. प्रजनन थांबवायला नराची नसबंदी करा, अंडकोष काढू नका. संप्रेरकं राहिली की त्याची पत टिकते आणि कळप विस्कटत नाही.

बऱ्या झालेल्या प्रौढ माकडाला जिथून आणलं तिथेच, त्याच्याच टोळीत, शक्य तितक्या लवकर सोडा. अनोळखी टोळीच्या हद्दीत सोडलेलं एकटं माकड बहुतेकदा मारलं जातं किंवा वस्तीत शिरून पुन्हा पिंजऱ्यात येतं. म्हणून प्राणी आणला त्या दिवशीच नोंदवहीत गाव, झाड किंवा खांब, टोळीत किती जण होते, हे सगळं लिहून ठेवा. सोडताना तोच पत्ता लागतो.